अंगारा राहू द्या, पण गोळी थांबवू नका

प्रश्न नागपूरच्याच एका ताईंचा आहे. थोडक्यात असा: धाकटा भाऊ २३ वर्षांचा. पाच महिन्यांपासून कॉलेज सुटलं. रात्र-रात्र जागा असतो, भिंतीला कान लावून बसतो, शेजारचे आपल्याबद्दलच बोलतात म्हणतो, ताटातला पहिला घास दारातल्या कुत्र्याला टाकून बघतो आणि मगच जेवतो. आईचं म्हणणं, शेताच्या वादातून चुलत काकांनी करणी केली. भावालाही तेच वाटतं. दर गुरुवारी त्याला एका बाबांकडे नेतात. मधे एका डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी गोळ्या दिल्या आणि आईला सुनावलं, ‘हे थोतांड आधी बंद करा.’ आईने थोतांड चालू ठेवलं आणि गोळ्या बंद केल्या. ताई विचारतात, गुरुवार बंद कसा करू? आणि आमच्या आजीच्या अंगात देवी यायची, तिला कोणी वेडी म्हटलं नाही. मग हा आजार आणि ती श्रद्धा, हे डॉक्टर ठरवतात कसं?

ताई, गुरुवार बंद करू नका. निदान आत्ता तरी नाही. का, ते सांगते, पण आधी आजीचं बोलू.

तुमच्या आजीच्या अंगात देवी कधी यायची? मी न बघताही अंदाज करते. नवरात्रात, आरतीला, डफडं वाजायला लागलं की. आजी घुमायची, केस सुटायचे, बायका ओटी भरायच्या, कोणी लेकराचं विचारायचं, कोणी नवऱ्याच्या दारूचं. कापूर विझेपर्यंत देवी निघून जायची, आजी पाणी मागायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चुलीपुढे बसलेली असायची. देवी यायची वेळ ठरलेली, जायची वेळ ठरलेली, भोवतीच्या चारचौघांना ती ओळखीची, आणि आजीचा मान त्याने वाढायचा. यात आजार कुठे आहे? आम्हा मनोविकारतज्ज्ञांची आजारांच्या वर्गीकरणाची पुस्तकंही हेच म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये अंगात येण्याच्या विकाराला वेगळी जागा आहे, पण समाजाने मान्य केलेल्या धार्मिक रीतीचा भाग म्हणून जे अंगात येतं, ते त्यातून स्पष्ट वगळलेलं आहे. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर कलम ३ मध्येच लिहिलंय की एखादा माणूस समाजाच्या धार्मिक समजुतींशी जुळत नाही म्हणून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही.

आता भावाकडे बघा. त्याला न तपासता मी निदान सांगणार नाही, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून एक गोष्ट तुमच्याच घरात उघडी पडलेली आहे. करणी झाली असं तुमची आई मानते. करणी झाली असं भाऊही मानतो. समजूत एकच. पण आई रात्री झोपते, स्वयंपाक करते, दळण आणते, आणि उद्या ते चुलत काका जोड्याने दारात येऊन उभे राहिले तर ती नाक मुरडून का होईना, चहा टाकेल. तिच्या समजुतीत शंकेला जागा आहे. भाऊ कुत्र्याला घास टाकतो. त्याला पुरावा लागत नाही, उलट जे दिसेल ते पुरावाच होतं. कुत्रा जगला तर ‘विष हळू चढणारं आहे’. आईची समजूत तिने गावातून घेतली आहे. भावाची समजूत त्याच्यापाशी एकटी राहते आणि रोज वाढते.

म्हणून पेशंट काय मानतो याकडे मी दुसऱ्यांदा बघते. आधी बघते, हे कधीपासून, दिवसातून किती वेळ, त्याला ते थांबवता येतं का, झोपेचं-जेवणाचं-आंघोळीचं काय झालं, आणि ही समजूत त्याच्या सोबत कोण वाटून घेतं. विषय काळासोबत बदलत जातो. मी शिकत होते तेव्हा पेशंट सांगायचे, रेडिओवाला माझं नाव घेतो. मग टीव्ही आला. आता दर आठवड्याला कोणीतरी मोबाईल घरी ठेवून येतो, हॅक झालाय म्हणून. खेड्यातून येणारा भानामती सांगतो, आयटी पार्कातला चिप सांगतो. भीती तीच, तिचे कपडे बदलतात.

आणि जिथे मला रीत माहीत नसते तिथे मी विचारते. सगळ्यात उपयोगी प्रश्न असतो, ‘तुमच्या देवळातले पुजारी काय म्हणाले?’ पारशिवनीकडची एक मुलगी आणली होती, महिनाभर तिच्या अंगात देवी. (इथले सगळे तपशील ओळख पटू नये इतके बदललेत.) वडिलांनी सांगितलं, ‘मॅडम, पुजारीबुवाच म्हणाले, ही देवी नाही. देवी अशी रात्रंदिवस शिव्या नाही देत. दवाखान्यात न्या.’ असं निदान मला स्वतःला पहिल्या अर्ध्या तासात जमलं नसतं. तो माणूस आयुष्यभर अंगात येणं बघत आलेला. कुठलं चाकोरीतलं आणि कुठलं नाही, हे त्याच्याइतकं मला कळत नाही.

तिसराही प्रकार आहे, आणि तो बायकांमध्ये मी फार बघते. उमरेड रोडवरच्या एका गावची सून, लग्नाला चार वर्षं. दर अमावास्येला अंगात यायचं. शांत, खाली मान घालून बसणारी बाई, पण अंगात आलं की सासूला एकेरी हाक मारायची आणि म्हणायची, ‘मले माहेरी धाडत नाही काहून?’ नवरा तिच्या पाया पडायचा. एरवी त्या घरात तिला कोणी ‘जेवलीस का’ विचारत नव्हतं. हे नाटक नव्हतं. तिला त्यातलं नंतर खरंच आठवायचं नाही. स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-संशयाचा आजार, तोही नव्हता, आणि तिला त्याच्या गोळ्या देऊन झोपवणं हा अन्याय झाला असता. तिथे औषध सासूला आणि नवऱ्याला समोर बसवून बोलण्याचं होतं. दोन महिने गेले. माहेरी जायचं ठरलं, मग शिलाईचा क्लास ठरला. देवी हळूहळू यायची थांबली. सासूने देवळात खण-नारळ दिला आणि मला पेढे. मी दोन्हीला हरकत घेतली नाही.

तुमच्या भावाचं प्रकरण या दोन्हींत बसेल असं मला वाटत नाही. पाच महिने, एकट्याने, चोवीस तास, आणि झोप गेलेली. त्याला लवकर दाखवायला हवं. उपचाराविना जितके महिने जातात तितकी सुधारणा अवघड होत जाते, हे आमच्या शास्त्रात पक्कं झालेलं आहे.

करणीबद्दल अजून एक. लोक विचारतात, तुम्ही भुताखेताला एवढं सांभाळून घेता, मग करणीवर का चिडता? कारण भुताला पत्ता नसतो. वडाखालचं भूत, विहिरीतली हडळ, त्यांच्याशी कोणी भांडायला जात नाही. करणीला पत्ता असतो. चुलतभाऊ, जाऊ, शेजारची विधवा. करणी म्हटलं की आजारी माणसासोबत एक निरोगी माणूसही बळी जातो. त्यातून विदर्भात माणसं मारलीही गेली आहेत. म्हणून मी आईला ‘करणी नसतेच’ असं पहिल्या भेटीत सांगत नाही, पण ‘कोणी केली’ हा प्रश्न त्या बाबांनी विचारला का, नाव घेतलं का, हे नक्की विचारते. नाव घेणारा बाबा धोक्याचा. तुमच्या बाबांनी काकांचं नाव घेतलंय का, ते शोधा.

आता माझी चूक सांगते. रेसिडेंट होते तेव्हाची, कुठल्या हॉस्पिटलात ते राहू द्या. एका आईने मुलाच्या उशाखाली लिंबू ठेवलं होतं. राउंडला ते माझ्या हाताला लागलं आणि मी सगळ्या वॉर्डासमोर ते कचऱ्याच्या बादलीत टाकलं. ‘अशिक्षितासारखं वागू नका’ असंही बोलले. बाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पलंग रिकामा. दोन वर्षांनी तोच मुलगा आला, पायात साखळीचा वण घेऊन. त्या लिंबाने त्याचं काहीच बिघडत नव्हतं. माझ्या वाक्याने बिघडलं. तुमच्या आईला ज्या डॉक्टरांनी सुनावलं त्यांच्यावर मी फार रागावणार नाही. ओपीडीत साठ पेशंट असले की माणूस असाच बोलतो. पण गोळ्या का बंद झाल्या याचं उत्तर तुम्ही आईच्या अडाणीपणात शोधू नका.

आणि अडाणीपणाचंच म्हणाल तर धंतोलीतल्या माझ्या ओपीडीत इंजिनिअर येतात, प्राध्यापक येतात. त्यांच्याकडे करणी नसते, साडेसाती असते. कालसर्प असतो, वास्तुदोष असतो. त्र्यंबकेश्वरला नारायण-नागबळी करून झालेला असतो, त्यात हजारो गेलेले असतात, आणि मुलगी तोवर वर्षभर न झोपता काढते. याला कोणी थोतांड म्हणत नाही, कारण त्याला पत्रिका लागते. उलट बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञा मानणाऱ्या घरातली एक आई मला म्हणाली, ‘मॅडम, मी दर्ग्यावर नेलं होतं, पण आमच्या ह्यांना सांगू नका.’ तिचं ओझं दुप्पट. पोरगा आजारी, आणि भिऊन जे केलं त्याची लाज वेगळी. मी नाही सांगितलं.

या शहराला हा प्रश्न नवा नाही. मानकापूरचं मनोरुग्णालय १८६४ चं. आजही रिक्षावाल्याला ‘पागलखाना’ म्हटल्यावरच कळतं. १८९२ मध्ये तिथे कामठीच्या एका फकिराला वेडा म्हणून ठेवलं. सोळा वर्षं तो तिथे होता आणि लोक त्याच्या दर्शनाला पागलखान्याच्या दारात गर्दी करायचे. १९०८ मध्ये राजे रघुजी भोसले यांनी त्यांना शक्करदऱ्याच्या वाड्यावर आणलं. ते ताजुद्दीन बाबा. १९२५ मध्ये गेले. ताजाबादला त्यांच्या दर्ग्यावर आज हिंदू-मुसलमान दोघंही चादर घेऊन जातात, आणि मनोरुग्णालयाच्या आवारातही त्यांच्या ठिकाणी लोक डोकं टेकवतात. बाबांचं निदान करायला मी बसत नाही, तो माझा अधिकार नाही. पण ज्या मुलखाने शेगावात उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचणाऱ्याला ओळखलं, महानुभाव पंथाच्या, रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंना वेडंही म्हटलं आणि ‘राउळ माय राउळ बाप’ही म्हटलं, त्या मुलखातल्या आईला मुलाच्या बडबडीत काही दैवी दिसलं तर तिला हसायचं कशाला? फक्त एक फरक तिला दाखवावा. त्या माणसांच्या सावलीत लोकांना धीर यायचा. तुमचा भाऊ स्वतःच दिवसरात्र घाबरलेला आहे.

देवळा-दर्ग्यात काही फरक पडतो का? पडतो, आणि ते मोजलेलंही आहे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी तमिळनाडूतल्या एका देवळात राहायला आलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास केला होता, २००२ मध्ये छापून आला. तिथे औषधं नव्हती, मंत्रतंत्राचा मारही नव्हता. नातेवाईक सोबत राहायचे, पेशंट झाडलोट करायचे, झाडांना पाणी घालायचे. काही आठवड्यांत लक्षणांची तीव्रता मोजपट्टीवर वीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली. निवांत जागा, घरचं माणूस, हाताला काम आणि कोणी वेडा न म्हणणं, याचा हा परिणाम. ते मला माझ्या ओपीडीत देता येत नाही. पण अभ्यास लहान होता आणि उरलेले ऐंशी टक्के तिथेच होते, हेही विसरू नका. त्याच राज्यात, आदल्याच वर्षी, ६ ऑगस्ट २००१ ला एरवाडीच्या दर्ग्याजवळच्या एका खाजगी झोपडीवजा आश्रमाला आग लागली. २८ मनोरुग्ण मेले. पळता आलं नाही, कारण साखळीने बांधलेले होते.

मी रेघ नेमकी इथे ओढते. देव राहू द्या, साखळी नाही. बाबा मारतात का, मिरचीची धुरी देतात का, केस ओढतात का, उपाशी ठेवतात का, कसली पुडी खायला देतात का? यांतलं एकही असेल तर गुरुवार त्याच दिवशी बंद, मग आई कितीही रडो. पुडीत काय असतं हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. धोतऱ्याचं बी पोटात जाऊन आणखी भ्रमात गेलेला पेशंट मी बघितलाय. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं-बांधणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा. साखळीवर २०१७ च्या कायद्यानेही सरळ बंदी आहे. आणि बाबा फक्त अंगारा लावतात, डोक्यावर हात ठेवतात, ‘बरा होशील बेटा’ म्हणतात, असं असेल तर जाऊ द्या. आठवड्यातून एकदा तो घराबाहेर पडतोय, हेही काही कमी नाही. जमलं तर त्या बाबांनाच भेटा. मी सांगते पेशंटच्या घरच्यांना, की त्यांच्याकडून एवढं एक वाक्य काढून आणा: ‘दवा भी खा, दुआ भी ले.’ गुजरातेत उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर तर दर्ग्याचे मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ मिळून हेच करतात, दवा-दुआ नावानेच. तुमच्या आईला माझ्या वाक्याचं वजन शून्य, त्यांच्या वाक्याचं मणभर.

आमच्या चरकानेही उपचाराचे तीन रस्ते एका ओळीत सांगितलेत. दैवाचा आधार घेणारा, युक्तीचा म्हणजे औषध-आहाराचा, आणि मनाला आवर घालण्याचा. आणि उन्मादाबद्दल हेही सांगितलंय की जो स्वतःच्या कर्माने आधी पिडलेला नाही, त्याला देव, गंधर्व, पिशाच कोणीही पिडत नाही. पहिला भाग आईला सांगा. दुसरा सांगू नका, ती पोराचा दोष काढत बसेल.

गोळ्यांचं थोडं. आईने त्या बंद केल्या त्याला अजून एक कारण असणार, तो दिवसभर झोपून राहिला असेल. पहिल्या आठवड्यात होतं तसं. डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, गोळीही बदलता येते. झोप आणि चिडचिड आधी सुधारते, काही दिवसांत. कानात येणारे आवाज आणि संशय ओसरायला दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे सहा गुरुवार. त्यामुळे बरं वाटलं की श्रेय बाबांना जाणार, हे धरून चाला आणि वाद घालू नका. बरं वाटल्यावरही वर्ष-दोन वर्षं गोळी चालू ठेवायची असते. खरी लढाई तिथे आहे, कारण नवस फिटला की गोळी सुटते.

उपास विचारून करा. हे मी सगळ्यांनाच सांगते, आणि डॉक्टर पुष्कळदा सांगायचं विसरतात. कुणाला लिथियम (मूडच्या आजारातली गोळी) चालू असेल तर निर्जळी उपास, अळणी उपास किंवा मे महिन्यात ४५ डिग्रीत दिवसभर पाण्याशिवाय देवदर्शन, यातून रक्तातलं लिथियम विषारी पातळीला जाऊ शकतं. हात थरथरले, उलट्या-जुलाब झाले, चाल झोकांड्या खायला लागली तर देवाचा कोप समजू नका, लगेच रक्त तपासा. रोजाचंही तसंच, आधी डॉक्टरांशी बोलून घ्या.

आणि सगळंच मनाचं नसतं. थायरॉईड, फिट्स, मेंदूची सूज, गांजा, हे तपासून घ्यायचं. ताप असेल, वागणं एकाएकी चार-सहा दिवसांत बदललं असेल, मधेच फिट आली असेल तर थेट इमर्जन्सी. बाळंत होऊन पंधरा दिवसही न झालेली बाई असंबद्ध बोलायला लागली तर ‘बाहेरचं लागलं’ म्हणत एक रात्रही घालवू नका. ते तुमच्या घरचं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या तरी घरचं असेल.

तर या आठवड्यात काय करायचं? तो यायला तयार नसेल तर ‘तुला वेड लागलंय, डॉक्टरकडे चल’ म्हणू नका. झोप येत नाही, हे त्यालाही पटतं. झोपेसाठी चला म्हणा. मेडिकल किंवा मेयो, या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या मनोविकार ओपीडीत जाता येईल. ते अवघड वाटलं तर आधी १४४१६ वर फोन करा, सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेची ती लाइन मोफत आहे, मराठीत बोलतात. तो स्वतःला किंवा काकांना काही करेल अशी भीती वाटली तर थांबू नका. घरच्यांच्या अर्जावरून आणि दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून त्याला तीस दिवसांपर्यंत भरती करता येतं. त्याच्या हाताशी विळा-कोयता राहणार नाही, एवढं आजच बघा.

येताना आईला आणाच. आधीच्या गोळ्यांची पाकिटं, संपलेली-न संपलेली, सगळी आणा. आणि त्याच्या दंडाला बांधलेलं जे काही असेल ते काढायला सांगू नका. बीपी दुसऱ्या हाताला घेता येतं.